गावोगावच्या स्काऊट पथकांचा इतिहास नोंदवह्यांत शोधावा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापूर जिल्ह्यातील अनेक माध्यमिक शाळा अलीकडे अमृतमहोत्सव आणि शताब्दी साजऱ्या करीत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकांत शाळेच्या स्काऊट पथकाला हमखास एक पान मिळते. त्या पानावर काय असेल ते न उघडताही सांगता येते: गणवेशातील मुलांचे रांगेत उभे राहून काढलेले छायाचित्र, राष्ट्रपती पुरस्कार मिळालेल्यांची नावे, संचलनाची सलामी घेणाऱ्या पाहुण्यांची यादी आणि या सगळ्याच्या आरंभी ‘भारतात 1909 साली स्काऊट चळवळ सुरू झाली’ हे वाक्य. मी जिल्ह्यातील एका लहान गावच्या शाळेत बरीच वर्षे स्काऊट मास्तर होतो. तेथील माजी विद्यार्थ्यांनी आता पथकाचा इतिहास लिहायला घेतल्यामुळे जुनी कागदपत्रे माझ्याकडे येऊ लागली आहेत. ती वाचून माझे असे मत झाले आहे की पथकाचा खरा इतिहास मुलांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या नोंदवह्यांत आहे, स्मरणिकेत त्याचा मागमूसही उतरत नाही, आणि त्या वह्या भराभर नाहीशा होत आहेत. याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम त्या 1909 सालाविषयी. कॅप्टन टी. एच. बेकर यांनी त्या वर्षी बंगळूरमध्ये पथक सुरू केले, हे खरे आहे. या चळवळीचे जनक बेडन पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर ऑगस्ट 1907 मध्ये वीसेक मुलांचे पहिले शिबिर घेतले, त्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. परंतु बंगळूरचे ते पथक आणि त्यामागून निघालेली पथके युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांसाठी होती. भारतीय मुलांना त्यांत प्रवेश नव्हता. माग काढणे, खुणांनी निरोप पोचवणे आणि नकाशा वाचणे या विद्या एतद्देशीय तरुणांच्या हाती जाव्यात, असे त्या काळच्या सरकारला वाटत नव्हते. आपल्या मुलांचे स्काऊटिंग सुरू झाले ते 1913 च्या सुमारास, मध्य प्रांतात विवियन बोस यांच्या आणि शाहजहानपूरला श्रीराम बाजपेयी यांच्या पुढाकाराने. हे बोस पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. 1916 साली अॅनी बेझंट यांनी जॉर्ज अरुंडेल यांच्या साहाय्याने मद्रासला भारतीय मुलांची स्वतंत्र संघटना काढली, आणि त्यानंतर लवकरच पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व बाजपेयी यांनी अलाहाबादला सेवा समितीची स्काऊट संघटना उभी केली. ज्या पथकांत आपल्या आजोबांना पाऊल टाकता आले नसते, त्यांच्यापासून आपल्या स्मरणिका आपला इतिहास मोजतात, ही गोष्ट मला तरी खटकते.

पुढचा काळही सरळ रेषेचा नाही. 1921 साली बेडन पॉवेल भारतात आले, तेव्हा बेझंटबाईंची संघटना त्यांच्या संस्थेत विलीन झाली. सेवा समिती मात्र बाहेर राहिली. 1937 च्या फेब्रुवारीत दिल्लीला अखिल भारतीय जांबोरी, म्हणजे स्काऊटांचा मोठा मेळावा, भरली. त्या भेटीनंतर बेडन पॉवेल यांनी भारतीयांच्या चारित्र्याविषयी अनुदार उद्गार काढल्याने देशभर संताप उसळला, कित्येक पथके त्यांच्या संस्थेतून बाहेर पडली आणि 1938 साली हिंदुस्थान स्काऊट असोसिएशनची स्थापना झाली. स्वातंत्र्यानंतर मौलाना आझाद, मंगलदास पक्वासा, कुंझरू, बाजपेयी आणि न्यायमूर्ती बोस यांच्या खटपटीने 7 नोव्हेंबर 1950 रोजी मुलांच्या संघटना एक होऊन आजची भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था जन्मली. मुलींची गाईड संघटना तिच्यात 15 ऑगस्ट 1951 रोजी आली. तेव्हा ‘आमचे पथक स्वातंत्र्यापूर्वीचे’ एवढे अभिमानाने सांगितल्याने फारसे काही कळत नाही. ते कोणत्या झेंड्याखाली होते, 1938 नंतर त्याने बाजू बदलली काय, आणि बदलली असेल तर तो निर्णय मुख्याध्यापकांचा होता, संस्थानी दरबारचा होता की स्काऊट मास्तरांचा, हे विचारले पाहिजे.

याची उत्तरे पुष्कळदा लहानसहान खुणांतून मिळतात. बिल्ल्यावर अशोकचक्र असेल तर तो संस्था एक झाल्यानंतरचा, हे उघड आहे. वचनात ईश्वराबरोबर राजाप्रती कर्तव्य येत असेल तर ती वही ब्रिटिश अमदानीतली समजावी. टेंडरफुट, सेकंड क्लास, फर्स्ट क्लास या जुन्या पायऱ्या. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान ही मागाहून आलेली रचना. गणवेशाचा रंगही खाकीवरून करडा सदरा आणि गडद निळी पँट असा बदलला, पण जुनी छायाचित्रे कृष्णधवल असल्यामुळे ही सर्वांत सोपी खूण नेमकी उपयोगी पडत नाही. गळ्यातील स्कार्फचा रंग प्रत्येक पथक स्वतः ठरवते, म्हणून वयोवृद्ध माजी स्काऊटांशी बोलताना मी प्रथम तोच विचारतो. ज्यांना साल आठवत नाही, त्यांनाही स्कार्फचा रंग आठवतो, आणि बहुधा तो कोणत्या दुकानातल्या कापडाचा होता तेही.

आपल्या जिल्ह्यापुरती आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे हा जिल्हा आजच्या आकाराचा कधी नव्हताच. करवीर, म्हणजे कोल्हापूर, संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. तोवर शाळाखाते दरबारचे होते. कागल, इचलकरंजी, विशाळगड, बावडा या जहागिऱ्या करवीरच्या छत्राखाली असल्या तरी त्यांचे कारभार निराळे होते. कुरुंदवाडला पटवर्धनांचे राज्य होते, त्यामुळे तेथील पथकाचा पत्रव्यवहार करवीर दरबारच्या दप्तरात शोधणे व्यर्थ आहे. चंदगड तालुका 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, तेव्हा त्या बाजूच्या जुन्या शाळांचे कागद बेळगावकडे असण्याचा संभव अधिक. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानकालीन दप्तरे आहेत, परंतु ती चाळणाऱ्याला आपले गाव तेव्हा कोणाच्या अमलाखाली होते, हे आधी पक्के माहीत असले पाहिजे. शिवाय त्यांतील बराचसा मजकूर मोडी लिपीत आहे. तो वाचणाऱ्या अभ्यासकांचे साहाय्य घेण्यात कमीपणा मानू नये.

आता वह्यांविषयी. स्काऊट पथकाची रचनाच अशी की लिहिण्याचे काम मुलांकडे येते. सहा ते आठ मुलांचा एक संघ, त्याला पशूचे किंवा पक्ष्याचे नाव, मुलांतलाच एक संघनायक. असे जास्तीत जास्त चार संघ मिळून पथक होते. संघाची वही संघातील मुलगा लिहितो. संघनायकांची बैठक, जिला कोर्ट ऑफ ऑनर म्हणतात, तिचे इतिवृत्तही मुलेच लिहितात. मोठ्यांच्या देखरेखीखाली, पण मोठ्यांच्या भाषेत नव्हे, असे लेखन आपल्याकडे दुसरीकडे कोठे फारसे मिळत नाही.

आमच्या पथकाच्या एका जुन्या इतिवृत्तात, सुगीच्या दिवसांत काही मुले सभेला येत नाहीत म्हणून त्यांना काय शिक्षा करावी, यावर चर्चा झाली आहे. एका संघनायकाने ती मुले शेतावर असतात असे सांगितले, दुसऱ्याने नियम तो नियम असे बजावले, आणि अखेरीस शिक्षेऐवजी सभाच दिवेलागणीनंतर घ्यावी असे ठरले. बारा-तेरा वर्षांच्या मुलांनी केलेला हा ठराव त्या गावचे अर्थकारण जितके स्पष्ट दाखवतो, तितके सलामी घेणाऱ्या पाहुण्यांचे भाषण दाखवीत नाही. खरी कमाईचा हिशोबही असाच बोलका असतो. पाहुण्याकडून देणगी न मागता स्वतः काम करून पैसे मिळवावेत, हा त्या उपक्रमाचा हेतू. आमच्या वहीत गुऱ्हाळावर चिपाडे वाळत घातल्याची, चपलांच्या दुकानात खोकी रचून दिल्याची, बाजाराच्या दिवशी म्हाताऱ्यांच्या पाट्या एसटी स्टँडपर्यंत पोचवल्याची मजुरी लिहिली आहे. कोणत्या कामाला किती पैसे मिळत, कोणता दुकानदार देत असे आणि कोणता ‘उद्या या’ म्हणून परत पाठवीत असे, हे सारे त्यात आहे. (शेवटच्या प्रकारातील काही नावे आजही गावात प्रतिष्ठित असल्यामुळे इतिहास लिहिणाऱ्या मंडळींत ती छापावीत की नाही यावर वाद चालू आहे. माझे मत छापू नयेत असे आहे.)

सर्वांत मोलाचे म्हणजे पदयात्रेचे अहवाल. जुन्या फर्स्ट क्लासच्या परीक्षेत स्काऊटाला एकट्याने किंवा एका सोबत्यासह सात मैलांवरच्या ठिकाणी जाऊन परत यावे लागे आणि वाटेत पाहिलेल्या गोष्टींचा अहवाल लिहून द्यावा लागे. पावले मोजून अंतर काढणे, होकायंत्राने दिशा धरणे, ओढा, विहीर, देऊळ, मोठे झाड यांच्या खुणा नकाशावर टिपणे, ही त्यातली कामे. आमच्या हाती आलेल्या अशा अहवालांत रस्तारुंदीकरणात गेलेली चिंचेची रांग आहे, पूल होण्यापूर्वी नदी ओलांडण्याचा उतार कोठे होता ते आहे, आणि कोणत्या वाडीत कोणत्या विहिरीचे पाणी गोडे होते तेही आहे. पन्हाळ्याच्या शिबिराचे अहवाल तर निवडून वाचावेत असे आहेत. तेथील अंबरखान्याची, म्हणजे जुन्या धान्यकोठाराची, मापे घेताना दोन संघांची उत्तरे जुळेनात, तेव्हा पुन्हा जाऊन मोजणी केल्याची कथा त्यात दोन पाने चालते. कोणत्याही तालुक्याचा स्थानिक इतिहास लिहिणाऱ्याने या अहवालांना अव्वल साधनांत स्थान द्यावे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

यात्रेतील सेवेचाही उल्लेख केला पाहिजे. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या आणि लाखो भाविक येतात. त्या गर्दीत पाणी देणे, चुकलेली मुले पालकांपर्यंत पोचवणे, चेंगराचेंगरी होऊ नये म्हणून दोरी धरून उभे राहणे, ही कामे आमची मुले करीत आली. हा भाग इंग्लंडहून आलेला नाही. ब्राउनसीच्या बेटावर यात्रा भरत नव्हती. प्रयागच्या मेळ्यांत सेवा समितीने स्काऊटांना ज्या कामाला लावले, तीच परंपरा आपल्याकडील लहान पथकांत रुजली. एखाद्या पथकाचे कागद मूळ इंग्रजी संस्थेचे असतील आणि काम मात्र सेवा समितीच्या वळणाचे असेल, असेही आढळू शकते. म्हणूनच नोंदणीपत्रावर विसंबून निष्कर्ष काढू नयेत.

परंतु नोंदवह्या केवळ कौतुक करण्यासाठी उघडायच्या असतील, तर उघडू नयेत. काही अवघड प्रश्न त्यांना विचारलेच पाहिजेत. स्काऊट सर्वांचा मित्र आणि प्रत्येक स्काऊटाचा बंधू असतो, असे नियम सांगतो. ज्या करवीरात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम काढला आणि 1919 साली अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांना एकत्र बसवण्याची आज्ञा दिली, त्या करवीरातील पथकांत तो नियम किती पाळला गेला? शिबिरात स्वयंपाक कोणी केला, पाणी कोणी भरले, पंगत एक होती की दोन? संघांच्या याद्यांतील आडनावे पाहून यातील बरेच उमगते. गणवेशाच्या बाकीचा रकानाही पाहावा. कोणाची बाकी वर्षभर फिटली नाही आणि पुढच्या वर्षी यादीतून कोणाचे नाव गळाले, हे त्यात दिसते. आमच्या पथकाविषयी जे दिसले ते सगळेच भूषणावह नाही, आणि ते लिहिले जाणार आहे.

दुसरा प्रश्न 1942 चा. त्या वर्षी 13 डिसेंबरला गारगोटीच्या कचेरीवर चाल करून गेलेल्यांपैकी सात जण हुतात्मा झाले. त्याच्या आदल्याच वर्षी राष्ट्र सेवा दलाची स्थापना झाली होती. ज्या किशोरांनी राजाप्रती कर्तव्याचे वचन घेतले होते, त्यांनी त्या दिवसांत काय केले? पथक सोडले, की स्काऊट मास्तरांनीच पथक काही काळ बंद ठेवले? वहीतील अचानक कोरी राहिलेली पानेही येथे पुरावा ठरतात.

मुलींच्या गाईड कंपन्यांचा इतिहास तर त्याहून दुर्लक्षित आहे. भारतात गाईडची सुरुवात 1911 साली जबलपूरला झाली. लहान गावांत मात्र ती मुलींच्या शाळा निघाल्यावर आणि गाईड कॅप्टन होण्यास शिक्षिका मिळाल्यावरच शक्य झाली. येथे अडथळा व्यवहाराचा आहे. हजेरीपत्रकात माहेरचे नाव असते, आणि लग्नानंतर नाव, आडनाव, गाव असे तिन्ही बदललेल्या बाईंना त्या यादीवरून शोधणे दुरापास्त होते. मुलांच्या यादीतील बहुतेकांचा ठावठिकाणा चावडीपाशी विचारल्यावर लागला. मुलींच्या यादीसाठी घरोघरी जाऊन वयस्कर स्त्रियांकडे चौकशी करावी लागली. ज्या भेटल्या, त्यांना गाठी आजही बांधता येतात आणि शेकोटीभोवतीच्या गमती सांगताना त्यांचा आवाज चढतो. त्यांच्या आठवणी आजवर कोणी विचारल्याच नव्हत्या.

हे सर्व झपाट्याने का करावे लागत आहे, तेही सांगतो. 1950 साली संस्था एक झाली तेव्हा जी मुले दहा-अकरा वर्षांची होती, ती आज पंच्याऐंशीच्या घरात आहेत. कागदांचे आयुष्य त्याहून बेभरवशाचे आहे. आजरा, राधानगरी, गगनबावड्याकडे पावसाची ओल आणि वाळवी. शिरोळ, कुरुंदवाड, नृसिंहवाडीकडे महापूर. 2005, 2019 आणि 2021 च्या पुरांत शाळांच्या तळमजल्यावरील कपाटे किती भिजली असतील, याचा विचार करावा. आणि जेथे पूर पोचत नाही, तेथे रद्दीवाला पोचतो. एका शाळेने नव्या इमारतीत जाताना ‘उपयोगाचे नाही’ म्हणून स्काऊटचे सगळे दप्तर वजनावर विकले. त्यातील दोन वह्या एका वाणसामानाच्या दुकानात पुड्या बांधायला निघालेल्या असताना माजी विद्यार्थ्याच्या दृष्टीस पडल्या, म्हणून वाचल्या. वस्तूंचेही तेच होते. पचमढीला 1956 साली राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र झाल्यानंतर लहान गावांतील कित्येक स्काऊट मास्तर तेथे प्रशिक्षण घेऊन आले. हिमालय वुड बॅज हा स्काऊट मास्तरांच्या उच्च प्रशिक्षणाचा बिल्ला मिळवणाऱ्याला चामडी दोरीत ओवलेले दोन लाकडी मणी मिळतात. शिक्षक गेल्यावर ते मणी कशाचे हे घरच्यांना ठाऊक नसते, आणि घर आवरताना ते केरात जातात.

म्हणून माझी मुख्याध्यापकांना आणि संस्थाचालकांना विनंती आहे की, जुने दप्तर निकाली काढण्यापूर्वी स्काऊट-गाईडच्या वह्या वेगळ्या काढाव्यात आणि मुखपृष्ठासह प्रत्येक पानाचे मोबाईलवर स्वच्छ छायाचित्र घ्यावे. कोरी पाने वगळू नयेत. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये व लॅमिनेशन करू नये, त्याने कागद कायमचा बिघडतो. गंजलेल्या टाचण्या मात्र हलक्या हाताने काढाव्यात. मूळ वह्या शाळेतच राहाव्यात, पण त्यांची एक प्रत तालुक्याच्या वाचनालयात आणि एक कोल्हापुरात असावी. 1850 पासून उभे असलेले करवीर नगर वाचन मंदिर किंवा शिवाजी विद्यापीठाचे ग्रंथालय यांनी अशा प्रतींसाठी एक कपाट राखून ठेवण्याचा विचार करावा, अशी या पत्राद्वारे त्यांना विनंती करतो. जिल्ह्याच्या स्काऊट-गाईड कार्यालयानेही दरवर्षीच्या मेळाव्यात तंबू उभारणीच्या स्पर्धेबरोबर जुन्या पथकांच्या नोंदींचे एक दालन ठेवावे. मुलांनी आपल्याच गावच्या वृद्ध स्काऊटांच्या मुलाखती घेऊन त्या तेथे मांडल्या, तर सेवेच्या नोंदीत त्या धरण्यास हरकत नसावी.

आपल्याकडेही एक मागणे आहे. आपल्या रविवारच्या अंकात दोन स्तंभांची जागा काही महिने या कामासाठी द्यावी. वाचकांनी पाठवलेले एक जुने समूहछायाचित्र दर आठवड्याला छापावे आणि त्यातील चेहरे ओळखण्याचे आवाहन करावे. ज्यांच्याकडे अशी छायाचित्रे असतील त्यांनी मूळ प्रत टपालाने न पाठवता तिची प्रतिमा पाठवावी, मागे काही लिहिलेले असल्यास त्या बाजूचीही पाठवावी, आणि नावे लिहायची झाल्यास मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, डावीकडून उजवीकडे, ओळीनुसार लिहावीत. गाईडच्या छायाचित्रांत माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे द्यावीत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त स्काऊट मास्तर
कोल्हापूर